वर्गातली एकच खुर्ची

काडेपेट्यांच्या कारखान्याकडून वारा सुटला, की अंबरनाथच्या आमच्या आळीत गंधकाचा वास येत असे. नाकापेक्षा तो जिभेलाच आधी कळे. न पेटलेल्या काडीची चव तोंडात यावी तसा. त्या वासात निखाऱ्यावर भाजलेल्या उडदाच्या पापडाचा आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास मिसळला, की माझ्यापुरता एक माणूस उभा राहतो. उभाच राहतो, कारण त्याला बसलेला मी फार क्वचित पाहिला. आजही कुणाच्या घरी पापड भाजला जात असला, की मी नकळत पदर सारखा करते आणि पाठ न टेकता बसते. पाहुण्याने टेकून बसू नये, असे गुरुजींचे म्हणणे होते. टेकून बसलेला पाहुणा पाहिला, की यजमानाला वाटते, हा थकून आला. थकून आला, म्हणजे आपण त्याला वाटेवर आणायला जायला हवे होते. गेलो नाही, म्हणजे आपण माणूस म्हणून कमी पडलो. एवढे सगळे एका पाठीमुळे.

गुरुजी आमच्या चौथीच्या वर्गाला होते. शाळा म्हणजे लढाईच्या काळातली एक लष्करी बराक. सैनिक निघून गेले होते आणि सिंधमधून आलेली माणसे तसल्याच बराकींत, मधे पोत्यांचे आणि जुन्या चादरींचे पडदे लावून संसार मांडून राहिली होती. त्या वस्तीला सगळे नुसते कॅम्प म्हणत. आमची बराक कॅम्प आणि अंबरनाथ यांच्या मधोमध पडे, म्हणून कॅम्पातली मुले, कारखान्यातल्या बाबूंची मुले आणि पालेगावच्या बाजूची शेतकऱ्यांची मुले, अशी तिन्ही पाणी एकाच हौदात आली होती. ती लवकर मिसळत नव्हती.

गुरुजी बदलापूरहून सायकलवर येत. अंगात काळा कोट, त्याला एकही बटण नाही. डोक्यावर टोपी, पायांशी धोतराला लावलेले दोन लोखंडी चिमटे. चिखलोलीच्या वाटेवर म्हैस आडवी आली, तर ते घंटी वाजवीत नसत. घंटी वाजवणे म्हणजे त्यांच्या मते पाठमोऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारणे. ते उतरत, सायकल हाताने ढकलीत म्हशीच्या मागून चालत, आणि तिने आपण होऊन वाट दिली, की टोपीला हात लावून पुढे जात. ज्या दिवशी म्हशी रमतगमत चालत, त्या दिवशी आमची प्रार्थना गुरुजींवाचून होई. हेडमास्तरांनी एकदा उशिराचे कारण लेखी मागितले. गुरुजींनी लिहून दिले: ‘पुढे मंडळी होती.’

बराकीला चौकट होती, दार नव्हते. गुरुजी त्या चौकटीवर बोटाने टकटक करीत आणि विचारीत, “आत येऊ का?” वर्गाने ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल आत पडत नसे. एके दिवशी मुलांनी संगनमत करून तोंडे मिटली. गुरुजी थांबले, पुस्तक उघडले आणि उन्हात उभ्याने वाचू लागले. एक तास गेला. आम्ही आत, गुरुजी बाहेर. गप्प बसण्यात पहिल्यांदा जी गंमत असते, ती संपल्यावर तिची शिक्षा होते, हे मला त्या दिवशी कळले. अखेर पालेगावच्या बाळारामाला राहवेना. तो दांडगा, सगळ्यांत पुढे मारामारीला आणि सगळ्यांत मागे पाढ्यांना. तो ओरडला, “या ना गुर्जी, ऊन लय झाला.” गुरुजी आत आले, बाळारामाचे त्यांनी आभार मानले आणि जणू काही झालेच नाही, अशा आवाजात नद्यांची नावे सांगू लागले. त्यांचे कान मात्र दिवसभर लाल होते.

चूक हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सात आठे किती, असे विचारल्यावर कुणी चोपन्न म्हणाले, की गुरुजींचा चेहरा एखाद्या हरवलेल्या मुलाकडे पाहावा तसा होई. ते म्हणत, चोपन्न बिचारे वाट चुकून इथे आले आहे, त्याचे घर कुठे, ते आधी शोधू. फळ्याच्या डाव्या बाजूला त्यांनी लहान लहान घरे काढून ठेवली होती, प्रत्येक घराच्या दारावर एकेक पाढा. मग वर्गाने मिळून शोधायचे: सहा नवे चोपन्न. दोन मुलांनी उठायचे, चोपन्नाला मधे धरल्यासारखे हात करून त्याला फळ्यापर्यंत न्यायचे, त्याच्या घरात लिहायचे, आणि सगळ्या वर्गाने म्हणायचे, ‘सांभाळून जा.’ यात इतका वेळ जाई, की सात आठे किती, हे कधी कधी दुसऱ्या दिवशी कळे. पण उत्तर द्यायला कुणी घाबरत नसे. काही मुले तर एखाद्या घरी बरेच दिवसांत कुणी गेले नाही, असे वाटून मुद्दाम वाट चुकत.

हे सगळे असले, तरी आमचा वर्ग गुणी होता, असे कुणी समजू नये. मधल्या सुट्टीत कपड्यांच्या चिंध्या होईपर्यंत भांडणे होत. आम्ही कॅम्पातल्या मुलांना निर्वासित म्हणून चिडवीत असू, ती आम्हांला घाटी म्हणत. मी ‘आम्ही’ म्हणते, पण मी दोहोंत नव्हते. वडील गेल्यावर आईने मला श्रावणात मामाकडे आणून ठेवले. शाळेत नाव उशिरा घातले, म्हणून हजेरीपटावर मी सर्वांत शेवटी, त्रेचाळीस. मामींनी मला कधी उपाशी ठेवले नाही, हे आधी सांगते. फक्त घरात पाट चार होते आणि मामा, मामी, त्यांची दोन मुले मिळून माणसेही चार. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जेवत असे. उंबऱ्याचे लाकूड थंड होते आणि त्याला राखेचा वास येई. आणि हाक म्हणाल तर ‘ए’. त्यात राग नव्हता. पाचव्या माणसाला काय म्हणायचे, हे त्या घराला सुचले नव्हते, इतकेच.

मी शाळेत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती गोष्ट झाली. कॅम्पातली गोपी म्हणून एक मुलगी, माझ्या आधी आठवडाभर आलेली, बाकावर जागा शोधीत होती. तिच्या दोन्ही वेण्यांना भरपूर तेल होते आणि मराठी अजिबात नव्हते. बाळाराम बाकाच्या टोकाला पाय पसरून बसला आणि मोठ्याने म्हणाला, “आमचा बापूस सांगतो, ये पावने आता जायाचे नाय.”

वर्ग हसला. गोपीला शब्द कळले नसतील, पण हसणे कळले. गुरुजी फळ्याकडून वळले. आम्हांला वाटले, आता पहिल्यांदाच छडी निघणार. त्यांनी आपली खुर्ची उचलली. वर्गात तेवढी एकच खुर्ची होती. ती त्यांनी खिडकीशी नेऊन ठेवली, कोटाच्या बाहीने पुसली, आणि बाळारामाला अगदी खरोखरचा प्रश्न विचारावा तसे विचारले, “पाहुणे म्हणालात ना आपण? मग बसवा त्यांना.”

बाळारामाला काय करावे, ते कळेना. गुरुजींनी त्याला पिशवीतून पितळी पेला काढून दिला, डब्यातला गुळाचा खडा दिला, आणि घरी पाहुणे आले म्हणजे आई काय करते, ते आठवायला सांगितले. बाळारामाने आठवले. त्याने गोपीला पाणी दिले, गूळ दिला, पुढे काही सुचेना तेव्हा म्हशीची चौकशी केली. गोपी दिवसभर त्या खुर्चीवर बसली. तिला कुणी प्रश्न विचारला नाही. पाहुण्याची परीक्षा घेत नाहीत. आणि गुरुजी दिवसभर उभे राहिले. ते म्हणाले, आदर फळ्यावर लिहून येत नाही. तो वाढावा लागतो, आणि वाढणारा नेहमी उभा असतो.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटाप्रमाणे रोज एक पाहुणा ठरला. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा. पाहुण्याने चौकटीवर टकटक करायची, वर्गाने उठून ‘या’ म्हणायचे. यजमान कोण, याचा नियमही ठरला: पाहुण्याचे शेवटचे भांडण ज्याच्याशी झाले असेल, तो. त्यामुळे मधल्या सुट्टीत कुणाच्या कानशिलात वाजवण्याआधी मुले बोटांवर त्याचा नंबर मोजू लागली. उद्या त्यालाच पाणी द्यायचे असले, तर आज मारण्यात अर्थ नव्हता.

गोपी घरी जाऊन हे सारे सांगून आली असावी. चौथ्या दिवशी तिने फडक्यात गुंडाळून पापड आणला. पाहुण्याला पाण्याबरोबर पापड दिला नाही, तर तिच्या आईच्या मते पाहुणा अजून आलेलाच नव्हता. गुरुजींनी हे तिच्या हिंदीतून अतिशय गंभीरपणे ऐकून घेतले आणि आजवरचे तीन पाहुणे आलेले नाहीत, असे वर्गाला जाहीर करून त्यांची त्यांनी क्षमा मागितली. तेव्हापासून गुळानंतर पापड आला. कॅम्पातल्या मुलांनी आळीपाळीने तो आणायचा. इतिहासाचा तास चालू असे, आणि लढाईच्या ऐन रंगात खिडकीशी कुरुम् कुरुम् असा आवाज येई. गुरुजी तो घास संपेपर्यंत लढाई थांबवीत.

शेवटचा विधी निरोपाचा. घंटा झाली, की पाहुण्याने उठून ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणायचे, आणि सगळ्या वर्गाने म्हणायचे, ‘थांबा.’ पाहुण्याने क्षणभर पुन्हा बसायचे आणि मग जायचे. एकच शब्द, पण मनापासून. गुरुजी डोळे मिटून तो ऐकत, आणि पोकळ वाटला, तर पुन्हा म्हणायला लावीत. बाळारामाची पाळी आली, त्या दिवशी मोठा पेच पडला. वर्षभर त्याने अर्धा वर्ग बुकलला होता. तो उठला, ‘येतो’ म्हणाला, आणि वर्ग असा ‘थांबा’ म्हणाला, की त्यापेक्षा ‘चालता हो’ मऊ वाटले असते. गुरुजींनी मान हलवली. पुन्हा. मग पुन्हा. इतर वर्ग घरी गेले. बाळारामाच्या आत्या त्याला शोधीत आल्या, त्यांनाही गुरुजींनी पाणी दिले. अकराव्या वेळेनंतर बाळारामाचा खालचा ओठ हलू लागला आणि तो म्हणाला, “गुर्जी, जाऊ द्या. यांना मी नको.”

तेव्हा गोपी हसत सुटली. का, ते तिलाही सांगता आले नसते. हसता हसताच ती मोडक्या मराठीत म्हणाली, थांबा. आणि तिच्या मागून एक्केचाळीस गळ्यांतून तो शब्द असा आला, की बाळाराम मटकन खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. त्याला उठवायला आत्यांना पुढे यावे लागले.

मी हे सारे शेवटच्या बाकावरून पाहत होते आणि मोजत होते. त्या खुर्चीवर एक दिवस बसणे, ही त्या वर्षी माझी एकमेव इच्छा होती. तिचा रंग उडालेला होता, एका हातावर कुणीतरी चाकूने मोराचे डोके कोरून अर्धवट सोडले होते. गणपती आले, गेले, दसरा झाला, दिवाळीची सुट्टी मला वैऱ्यासारखी वाटली. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. माझी एकच काळजी होती: माझे कुणाशी भांडण झाले नव्हते. भांडायला आधी बोलावे लागते. यजमान मिळाला नाही, तर पाहुणी कशी होणार? ही गोष्ट गोपीने ओळखली असावी. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली, माझी पाटीवरची पेन्सिल उचलली, मोडली, दोन्ही तुकडे परत माझ्या हातात ठेवले आणि समाधानाने म्हणाली, “झगडा हुआ ना? तो कल पापड मैं लाऊँगी.”

त्याच दुपारी हेडमास्तर आमच्या वर्गात आले. ते भित्रे गृहस्थ होते, वाईट नव्हते. गुरुजींना त्यांनी खिडकीशी नेले. फळ्याच्या पाण्यासाठी मी तिथेच बाहेर नळाखाली मडके भरीत होते, म्हणून मला ऐकू आले. उद्या तपासणीला डिपोटी साहेब येणार होते. उद्या हा पाहुण्यांचा खेळ बंद. शाळेत धड खुर्ची ही एकच, कारण हेडमास्तरांच्या स्वतःच्या खुर्चीचा वेत फाटून त्यावर चित्रकलेचा पाट ठेवलेला होता. तेव्हा उद्या इथे साहेब बसतील. मग त्यांनी आवाज खाली केला.

“तुम्ही अजून हंगामी आहात. उद्याच्या शेऱ्यावर तुमचं कायम होणं आहे. मला तुम्ही हवे आहात हो, पण वर लिहून काय पाठवू?”

गुरुजी म्हणाले, “उद्या एक पाहुण्या यायच्या आहेत. त्यांना कळवायला आता उशीर झाला.”

“कोण पाहुण्या?”

गुरुजींनी हजेरीपट पाहिला नाही. माझे नाव त्यांनी पूर्ण घेतले, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. खिडकीच्या पलीकडे मडके भरून वाहू लागले होते आणि माझे पाय भिजत होते. वडिलांचे नाव ते गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी कुणीतरी उच्चारले होते.

मला सारे कळले होते. दहा वर्षांच्या मुलीला जेवढे कळायला हवे, त्याहून जरा जास्तच. सकाळी मी प्रार्थनेआधी गुरुजींकडे गेले आणि म्हणाले, “गुरुजी, मी उद्या बसते.” ते सायकलचे चाक पुसत होते. म्हणाले, “आपल्यासाठी गूळ फोडून ठेवलाय. फोडलेला गूळ उद्यापर्यंत मुंग्यांचा होतो.” मी चौकटीवर टकटक केली.

‘या.’ बाके मागे सरकल्याचा आवाज आणि बेचाळीस माणसे उभी. गोपीने पेला दिला. पाण्याला पितळेचा आणि तिच्या ओंजळीतल्या तेलाचा वास होता. गुळाला खडूची चव होती. मी खुर्चीवर बसले. पाय जमिनीला पुरत नव्हते. बोटाखाली तो अर्धवट मोर लागला. खिडकीतून मलंगगडाची निळी कड दिसत होती. शेवटच्या बाकावरून ती कधी दिसलीच नव्हती.

डिपोटी साहेब दुसऱ्या तासाला आले. ते भरदार देहाचे होते, हातात साहेबी टोप, कपाळावर घाम. मागे हेडमास्तर. गुरुजींनी पुढे होऊन नमस्कार केला आणि ओळख करून दिली, ती आधी माझी. “या आमच्या आजच्या पाहुण्या.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले, मग दुसरी खुर्ची कुठे आहे, म्हणून चारी भिंती पाहिल्या. हेडमास्तर मला डोळ्यांनी उठवू लागले. आधी डाव्या डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी, मग भुवयांनी. मी अर्धवट उठलेसुद्धा. गुरुजी माझ्याकडे न पाहता, अगदी हळू म्हणाले, “आपण बसा.”

इथे मला खरे सांगितले पाहिजे. मला उठता आले असते. त्यांचा शब्द मोडायला तेवढा एक क्षण होता, आणि तो मोडण्यात त्यांचे भले होते, हे मला ठाऊक होते. पण हातात गोपीचा पापड होता, कुरकुरीत, मिऱ्यांच्या वासाचा. मला उठायचे नव्हते. मी बसले.

मग जे झाले, त्यात वर्गातल्या कुणाचाही दोष नव्हता. मुलांनी जन्मात कधी इतके चांगले वागून दाखवले नव्हते. पहिल्या बाकावरच्या मुलांनी उठून साहेबांना जागा दिली. तो बाक लहानग्यांचा. साहेब बसले, तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला आले आणि पुढच्या फळीत पोट अडकले. शेजारी बाळाराम येऊन बसला. त्याने साहेबांचा टोप मांडीवर घेतला आणि म्हशींची चौकशी केली. गोपीने पाणी दिले, गूळ दिला, पापड दिला. साहेबांनी एक पापड खाल्ला. तिने दुसरा दिला; तोही त्यांनी खाल्ला, कारण एका हातात पेला आणि दुसऱ्यात पापड, नको म्हणायला हात मोकळा नव्हता.

घसा साफ करून त्यांनी माझ्याकडे बोट केले. “या मुलीला विचारतो. सांग, सात आठे किती?”

बाळाराम त्यांच्या कानाशी झुकून, त्यांची लाज राखावी अशा आवाजात म्हणाला, “साहेब, पावन्याला इचारत नसतंत.”

साहेब त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, मग तू सांग. आणि बाळाराम, जो वर्षभरात एकाही संख्येला सरळ वाटेने घरी नेऊ शकला नव्हता, तो म्हणाला, छप्पन्न.

साहेब घामाघूम झाले होते, श्वास अडकत होता, रागही आला असावा. ते गरजले, “चूक. चोपन्न.”

हेडमास्तरांनी डोळे मिटले. गुरुजी फळ्याशी उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती हरवलेल्या मुलाला पाहिल्यासारखी माया उमटली. त्यांनी ती लपवायचा प्रयत्न केला असेल, पण मुलांना तेवढी पुरे होती. बाळाराम उठला. त्याने हात जोडले. “साहेब, तुमचा चोपन्न वाट चुकला. घाबरू नका. त्याचा घर आमाला म्हाईत हाय.” मग तो आणि गोपी, चोपन्नाला मधे धरून, अतिशय जपून फळ्यापर्यंत गेले. गोपीने सहा-नवांच्या दारात ते लिहिले. आणि बेचाळीस मुले साहेबांकडे वळून प्रेमाने म्हणाली, ‘सांभाळून जा.’

हेडमास्तर बाहेर धावले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने घंटा बडवली. शाळा सुटायला अजून तीन-चार तास होते. पण घंटा ती घंटा. इतर वर्ग ओरडत मैदानात सांडले. साहेब उठले, तसा बाकही त्यांच्याबरोबर उठला, आणि तो सोडवायला आमचा सगळा वर्ग धावला. बाक, साहेब, टोप आणि मुले असा तो गोतावळा चौकटीतून बाहेर पडला. गुरुजींना ऑफिसात बोलावणे आले. ते गेले.

मी खुर्चीपुढे उभी राहिले आणि रिकाम्या वर्गाला म्हणाले, येते. फळ्यावरून पाण्याचा एक ओघळ उतरत होता. मी थोडी वाट पाहिली. मग पाटी घेऊन घरी गेले आणि उंबऱ्यावर बसून जेवले.

शेरा हेडमास्तरांनी नंतर आम्हांलाच वाचून दाखवला. त्यांना तो एकट्याने सहन होत नसावा. वर्गात शिस्तीचा अभाव. शिक्षक उभे राहतात. निरीक्षणाच्या वेळी एक विद्यार्थिनी खुर्चीवर बसून पापड खात होती. साहेबांनी स्वतः खाल्लेल्या दोन पापडांचा त्यात उल्लेख नव्हता. नाताळच्या सुट्टीनंतर गुरुजी आले नाहीत. नवे मास्तर आले, खुर्चीवर बसले आणि वर्ष संपेपर्यंत उठले नाहीत. बाळाराम पहिले काही दिवस चौकटीकडे पाहत असे. फळ्यावरची घरे पुसली गेली. तरी मधल्या सुट्टीतली मारामारी पुन्हा पूर्वीच्या रंगाला आली नाही. हात उगारला, की मुले अजून बोटांवर काहीतरी मोजत.

पुढे मी सातवीची फायनल पास झाले आणि त्या तपासणीनंतर सातेक वर्षांनी खरवईच्या शाळेत मला जागा मिळाली. हंगामी. हजर होण्याचा कागद देऊन परतताना बदलापूर गावात भाताच्या गिरणीपाशी पाय थबकले. कोंड्याचा गोडसर, घशाला खवखवणारा वास होता. दारात बायका भाताची पोती घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत म्हातारी बाई एका खुर्चीवर. काट्याशी, पांढऱ्या धुळीने माखलेला काळा कोट घालून, गुरुजी उभे होते. बायका सांगत होत्या, की गिरणीवाला रोज ओरडतो, काटेवाल्याला बसायला दिलेली खुर्ची गिऱ्हाइकांना कशाला? आणि हे म्हणतात, मग ओझे घेऊन आलेले कुठे बसणार?

मी नाव सांगितले नाही. म्हणाले, “त्रेचाळीस नंबर.”

त्यांनी माझे पूर्ण नाव घेतले, वडिलांच्या नावासकट. म्हातारीला त्यांनी विचारले, आपली हरकत नसेल तर. ती हसून उठली. खुर्ची कोटाच्या बाहीने पुसली गेली आणि होती त्याहून पांढरी झाली. पेला तोच होता. गुळाला कोंड्याची चव होती. गिरणीचा पट्टा निसटून यंत्र बंद पडले, तेवढ्या शांततेत मी सात वर्षे मनात घोळवलेले वाक्य बोलून टाकले. “गुरुजी, त्या दिवशी मी उठायला हवं होतं.”

ते काट्याच्या पारड्यावरची धूळ बोटाने गोळा करू लागले.

“मला कायम व्हायचं होतं, हे खरं,” ते म्हणाले. “पण पाहुण्याला उठवून कायम झालो असतो, तर रोज त्याच खुर्चीवर बसावं लागलं असतं.”

मग त्यांनी माझ्या नव्या शाळेची चौकशी केली. तिथे खुर्च्या किती, हे विचारले. एकच, मी म्हणाले. त्यांना ते फार आवडले.

पट्टा पुन्हा चढवायला माणसे आली. उन्हे कलली होती आणि मला अंबरनाथ गाठायचे होते. मी उठले, पदर सारखा केला आणि म्हणाले, “येते, गुरुजी.”

त्यांनी डोळे मिटले. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि बेचाळीस जणांचे राहिलेले एकट्याने म्हटले.

“थांबा.”